शिट्टी सरांचा सहावा विषय

शिट्टी सरांना शाळेत चोवीस वर्षं झाली, तेव्हा कुठे त्यांना पहिल्यांदा कोणीतरी घाबरलं.

त्याआधी घाबरायचं काही कारणच नव्हतं. सर खेळ शिकवायचे. उंच, किडकिडीत माणूस, गळ्यात बुटाच्या काळ्या लेसमध्ये ओवलेली शिट्टी. स्वतःचा आवाज इतका मऊ, की समोरच्याला कान पुढे करावा लागे. त्यामुळे आयुष्यात जे काही ओरडायचं होतं ते सगळं शिट्टीवर सोपवून सर मोकळे झाले होते. नाव त्यावरूनच पडलं. मी त्याच शाळेत भाषा शिकवते. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी, त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. उरलेलं त्यांनी डबा खाता खाता सांगितलं.

खेळाच्या तासाला आमच्याकडे काय किंमत होती म्हणता? आठवड्याला दोन तास, तेही कागदावर. कोणाचा धडा मागे पडला, कोणाची चाचणी राहिली, की पाय सरांकडे वळायचे. यात सगळ्यात पुढे गणिताच्या बाई. हातात लाल पेन, काखेत वह्यांचा गठ्ठा, चालणं असं की मागून कोणीतरी घड्याळ घेऊन येतंय.

"सर, आजचा तास मला हं. दोनच उदाहरणं राहिलीत."

"घ्या ना बाई," सर म्हणायचे आणि मैदानावर एकटेच जाऊन फक्कीने रेषा आखत बसायचे. आमच्या मैदानावरच्या रेषा आखीव होत्या त्या यामुळे. त्यांच्यावरून पळायला कोणी नसायचं.

मी एकदा म्हटलंही, "अहो, नाही म्हणायला शिका की."

"काय म्हणून नाही म्हणू? त्यांच्या विषयाच्या गुणांवर पोरांना कॉलेज मिळतं. माझ्या विषयावर मिळतो घाम." मग हसून म्हणाले, "मी शाळेत होतो ना, तेव्हा माझी सरासरी पाच पूर्णांक आठ होती. मला हव्या त्या कॉलेजात सहा लागत होते. त्यांनी दारातून परत पाठवलं. घरी परत जाताना पळत गेलो, ते कोणीतरी बघितलं असणार. म्हणून खेळाच्या कॉलेजने घेतलं."

खरं किती आणि खोटं किती, हे त्यांच्या बायकोलाही माहीत नाही. ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते आणि नवऱ्याच्या कुठल्याही गोष्टीवर, "निम्मी घ्या, जेवणानंतर," एवढंच म्हणते.

तर त्या वर्षी, शाळा सुरू होऊन आठवडा झाला नसेल, मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना बोलावून एक परिपत्रक वाचून दाखवलं. शेवटच्या वर्षाच्या मुलांना आतापर्यंत पाच विषयांत दहापैकी ग्रेड पॉइंट मिळायचे. त्यांची सरासरी काढायची आणि त्या सरासरीवर कॉलेजची दारं उघडायची किंवा आपटायची. यंदापासून विषय सहा. सहावा खेळ. वजन बाकीच्यांइतकंच. परीक्षा कशी घ्यायची ते शिक्षकाने ठरवायचं, फक्त आधी लिहून लावायचं.

सगळ्यांच्या माना एकदम कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळल्या. सर डब्याचं झाकण उघडायच्या खटपटीत होते.

"मला काही झालंय का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

झालं होतं खरं. दुसऱ्या दिवसापासून सरांना फाटकापासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत यायला वीस मिनिटं लागायला लागली. वाटेत पालक. कोणी नमस्कार करतंय, कोणी तब्येत विचारतंय. एका मुलाला गवताची ॲलर्जी असल्याचं डॉक्टरांचं पत्र आलं. सरांनी मान डोलावली आणि सांगितलं, "आमच्या मैदानावर गवत नाहीच. निर्धास्त राहा." बुटांचं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी त्यांच्या पायाचं माप विचारलं. औषधाच्या दुकानात खोकल्याच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्यांची संख्या दुपटीने वाढली.

"सरांना काय आवडतं हो?" एक बाई काउंटरवर झुकून विचारायला लागल्या.

"झोप," सरांची बायको म्हणाली. "पुढचं प्रिस्क्रिप्शन कोणाचं?"

या सगळ्यात ज्यांच्या तोंडचं पाणी खरोखर पळालं, त्या होत्या गणिताच्या बाई. कारण त्यांची मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला होती.

पोरगी भलतीच हुशार. वर्गात तिला सगळे दशांश म्हणायचे. कोणाला कुठल्या विषयात किती मिळाले म्हणजे सरासरी कितीने हलेल, हे ती तोंडी सांगायची, तेही दोन घरांपर्यंत. तिला एका ठरावीक कॉलेजात इमारतींचे आराखडे काढायला शिकायचं होतं. आदल्या वर्षी तिथली यादी ९.३ वर बंद झाली होती. तिचा पाच विषयांचा अंदाज पक्का होता: तीन दहा, दोन नऊ. सरासरी ९.६. म्हणजे दार उघडून आत शिरायचं, चहा घ्यायचा आणि बसायचं, एवढंच बाकी होतं.

आणि आता सहावा विषय. दशांशने पहिल्याच दिवशी फळ्यावर मांडून दाखवलं: खेळात पाच मिळाले तर सरासरी ८.८३, सहा मिळाले तर ९, सात मिळाले तर ९.१७, आणि आठ मिळाले तर ९.३३. "मला आठ हवेत," ती म्हणाली. जणू भाजीच घ्यायची होती.

सरांनी कधी नव्हे तो अभ्यास केला. आठ दिवस घरी कागद पसरून बसले आणि नववा दिवस उजाडला तेव्हा सूचनाफलकावर तक्ता लागला. सहा प्रकार: आठशे मीटर पळणं, दोरीवरच्या उड्या, उभ्याने लांब उडी, चेंडू फेकणं आणि झेलणं, जोर, आणि एका पायावर तोल. दहापैकी सहा गुण तक्त्याप्रमाणे, म्हणजे जे जमलं त्याचे. चार गुण वाढीचे, म्हणजे आता किती जमतं आणि वर्षअखेरीस किती, त्यातल्या फरकाचे.

लगेच एक पळणारी मुलगी भांडायला आली. "सर, मला आत्ताच सगळं येतं. मी अजून काय वाढू? हा अन्याय आहे."

सरांनी विचार केला, खिशातून पेन काढलं आणि खाली ओळ लिहिली: ज्याला सहापैकी सहा, त्याला चारही. मुलगी उड्या मारत गेली. उड्या चांगल्या मारायची.

पहिली चाचणी झाली. दशांश आठशे मीटरपैकी दोन फेऱ्या पळाली आणि उरलेल्या दोन विचार करत चालली. दोरीवर अकरा उड्या. चेंडू समोरून आला की दोन्ही हात तोंडावर. जोर मारायला पालथी पडली ती तशीच पडून राहिली. सरांना वाटलं बरं वाटत नाहीये, वाकून बघितलं तर ती सरासरी काढत होती.

"सहापैकी दोन," सर म्हणाले.

"माहितेय," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत गणिताच्या बाई आमच्या कोपऱ्यात आल्या. वह्यांचा गठ्ठा नव्हता. लाल पेनही नव्हतं.

"सर," त्या म्हणाल्या, "तुम्हाला माझा एखादा तास हवा आहे का?"

भूगोलाच्या सरांच्या हातातली बशी टेबलावर आपटली. मी मान खाली घालून वही तपासायला घेतली आणि एकाच शुद्धलेखनाच्या चुकीवर तीनदा खूण केली.

"मला माझे दोन मिळाले तरी पुरेत बाई," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, तीच तर पंचाईत. टोमणा असता तर बाईंना भांडता आलं असतं.

मग त्या वर्षी मैदान जागं झालं. शाळेआधी अर्धा तास ज्याला यायचं त्याने यावं, असं सरांनी सांगितलं, आणि पहिल्या दिवशी चाळीस पोरं उभी. दशांश सगळ्यात आधी, हातात वही.

"सर, मी हिशोब केलाय. जोर सोडून दिले आणि तो वेळ दोरीला दिला, तर गुण लवकर वाढतात."

"बरोबर आहे तुझं."

"मग जोर सोडू?"

"नाही. वही कट्ट्यावर ठेव आणि पालथी हो."

चेंडूची भीती घालवायला सरांनी तिला पंधरा दिवस नुसता गुंडाळलेला मोजा फेकून मारला. मोज्याला कोणी घाबरत नाही. मग दोन मोजे, मग आत कागदाचा बोळा घातलेला मोजा, मग मऊ चेंडू. पहिल्यांदा खरा चेंडू तिच्या हातात बसला तेव्हा ती त्याच्याकडे अशी बघत राहिली, जणू उत्तर बरोबर आलंय पण कसं आलं ते कळत नाहीये. आता घरी येऊन जेवते दाबून आणि पडल्या पडल्या झोपते, असं बाई मला सांगत होत्या. तक्रार करत होत्या की कौतुक, हे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं.

वर्ष संपत आलं तशी मोठ्या बाईंनी सरांना खोलीत बोलावलं. मी काही सह्यांसाठी तिथेच होते.

"सर, शेजारच्या शाळेत म्हणे अख्ख्या वर्गाला खेळात दहा दिलेत."

"अख्खा वर्ग?"

"अख्खा."

"म्हणजे सगळेच आठशे मीटर सारख्याच वेळात पळतात? मग त्यांना कॉलेजात कशाला, देशाच्या संघात पाठवा."

"थट्टा नको. सगळीकडे दहा वाटले गेले तर यादी वर चढणार. आपली मुलं मागे पडतील. पालक मला फाडून खातील."

सरांनी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. मग त्याच मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, पोरं वर्षभर सकाळी उठून आली. ज्याने चारशे उड्या मारल्या त्याला दहा आणि जो आलाच नाही त्यालाही दहा, असं लिहिलं तर उद्या ती माझ्याकडे कशाला बघतील? तुम्ही गणितात सगळ्यांना दहा द्यायला लावा. मग मीही देतो."

मोठ्या बाईंनी सुस्कारा टाकला आणि मला विचारलं, "तुम्ही काय म्हणता?" मी म्हटलं, "मी सह्यांसाठी आलेय."

शेवटची चाचणी झाली. दशांश चारही फेऱ्या पळाली. शेवटची फेरी डोळे मिटून, त्यामुळे रेषेच्या पुढे वीस पावलं गेली आणि कुंपणाने थांबवलं. चेंडू दहापैकी सहा झेलले. जोर नऊ. तक्त्याचे चार, वाढीचे तीन. सात. तिने स्वतःच बेरीज आधी केली होती. सरांनी कागद पुढे केला तेव्हा नुसती मान हलवली.

त्याच दुपारी गणिताच्या बाई लाल पेन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "गुणांचा पूर्ण तक्ता बघू." सरांनी बासष्ट मुलांचा तक्ता समोर ठेवला. बाईंनी एकेक ओळ तपासली. अर्धा तास गेला. दोन चुका निघाल्या. एकाला एक गुण कमी लागला होता, एकीला एक जास्त. दोन्ही त्यांनी गोल करून दाखवल्या. मग मुलीच्या ओळीवर पेन ठेवून तिसऱ्यांदा बेरीज केली.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि पेनाला टोपण लावलं.

दशांशची सरासरी ९.१७ झाली. कॉलेजची पहिली यादी लागली ९.४१ वर. मोठ्या बाई म्हणत होत्या तेच झालं, दहांचा पूर आला होता. दुसरी यादी ९.२९. तेव्हा शाळेत सगळे श्वास रोखून, कारण तिसऱ्या यादीत आकडा बराच उतरतो. ज्यांना दुसरीकडे जागा मिळते ते गळतात. तिसरी यादी लागली ९.१८ वर.

एका शतांशाने गेलं. जिचं नाव दशांश, तिला शतांशाने अडवलं, असं वर्गातली पोरं म्हणाली आणि मग त्यांनाच ते बोलून वाईट वाटलं.

मला वाटलं, आता बाई येणार आणि शिक्षकांच्या खोलीचं छप्पर उडणार. त्या आल्या. सरांच्या समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"तुम्ही आठ दिले असते तर?"

"तर मिळालं असतं," सर म्हणाले. आढेवेढे नाहीत, सारवासारव नाही.

"किती कमी पडलं तिला?"

"तक्त्यात पाच व्हायला दोरीच्या अजून नऊ उड्या हव्या होत्या."

"नऊ उड्या."

"हो."

बाई खिडकीतून मैदानाकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "गेल्या पाच वर्षांत मी तिच्या वर्गाचे तुमचे किती तास घेतले असतील?"

"मी कधी मोजले नाहीत."

"मी मोजले. काल जुन्या टाचणवह्या काढून बसले होते. त्र्याहत्तर."

सरांनी आपला डबा उघडला आणि त्यातला एक घास बाईंच्या पुढे सरकवला. बाईंनी तो खाल्ला.

दशांशने दुसऱ्या पसंतीच्या कॉलेजात नाव घातलं. तिथली यादी ९ वर बंद झाली होती, तेव्हा तिथे ती ऐटीत शिरली. पहिले दोन महिने तिने कॉलेजला इतकी नावं ठेवली की बाई कंटाळल्या. मग एक शिक्षक आवडले, मग दोन मैत्रिणी झाल्या, मग तक्रारी कमी झाल्या. सध्या ती एका शाळेच्या इमारतीचा आराखडा काढतेय, आणि त्यात वर्ग कुठे ठेवायचे यावरून तिचं आणि आईचं रोज वाजतं.

गोष्ट इथे संपली असं आम्ही धरून चाललो होतो. सर तर पार खचले होते. वर्षभरात त्यांनी एकोणीस मुलांची सरासरी खाली आणली होती आणि त्या एकोणिसांचे आईवडील त्यांना तोंडपाठ झाले होते. घरी बायकोने दोनदा विचारलं, "गोळी देऊ का काही?" तर म्हणाले, "कशावरची?" तिलाही सुचेना.

मग एके दिवशी दुपारी एक बाई आल्या. हातावर इस्त्रीच्या जुन्या चटक्यांचे डाग. पलीकडच्या गल्लीत त्यांचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान आहे. आल्या त्या दारातच उभ्या राहिल्या.

"खेळाचे सर कोण?"

सर उठले. चेहऱ्यावर विसाव्या तक्रारीची तयारी.

"माझ्या मुलीला नर्सिंग कॉलेज मिळालं," त्या म्हणाल्या. "पाच विषयांत तिचे सात पूर्णांक दोन होते. तुम्ही दहा दिलेत. मग सात पूर्णांक सदुसष्ट झाले. यादी सात पूर्णांक पासष्टला बंद झाली." एवढे आकडे त्यांनी पाठ करून आणले होते. ते संपल्यावर पुढे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं बहुतेक. "तेवढंच सांगायला आले."

"बसा ना."

"नको, दुकान उघडं आहे."

"मी दिले नाहीत हो," सर म्हणाले. "ती पळाली."

"ती पळतेच. लहानपणापासून कपड्यांची गाठोडी घेऊन जिने चढतेय. पण आजवर ते कोणी वहीत लिहिलं नव्हतं." आणि त्या गेल्या.

सर उभेच. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, कमी झालेल्यांची यादी मला पाठ आहे. वाढलेले किती, ते कोणी बघितलंय?"

कोणीच नव्हतं बघितलं. ज्यांचं भलं झालं ते भांडायला कशाला येतील? पलीकडून गणिताच्या बाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी काही न बोलता तक्ता ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि सुरुवात केली. प्रत्येक मुलाची पाच विषयांची सरासरी, सहा विषयांची सरासरी, मधला फरक. आम्ही दोघं बाजूला बसून आकडे सांगत होतो. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. शिपाईमामा दोनदा कुलूप घेऊन येऊन गेले.

"एकोणीस खाली," शेवटी बाई म्हणाल्या. "सोळा जवळजवळ तिथेच. सत्तावीस वर."

"सत्तावीस?"

"पुन्हा करून दाखवू?"

"नको नको. तुमची बेरीज चुकत नाही."

सरांनी तो कागद घडी करून खिशात घातला आणि घरी नेऊन बायकोला दाखवला. तिने चष्मा लावून तो नीट वाचला. म्हणाली, "ही पूर्ण घ्या. जेवणाआधी घेतली तरी चालेल."

पुढच्या वर्षी नवं परिपत्रक निघालं. खेळाचं वजन निम्मं झालं. पालकांचे नमस्कारही निम्म्यावर आले, आणि फाटकापासून खोलीपर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा झाला. सर म्हणतात, हे झकास आहे. पण सकाळच्या अर्ध्या तासाला अजून चाळीसेक पोरं येतात, त्यामुळे मैदानावरच्या रेषा आता दर दोन दिवसांनी पुसल्या जातात आणि सरांची फक्की महिन्याच्या आधीच संपते. परवा त्यांनी मोठ्या बाईंकडे एक पोतं जास्त मागितलं. अर्ज मी लिहून दिला, खालचा आकडा गणिताच्या बाईंनी तपासला, आणि पोतं मंजूर झालं.